दोन षटकोन

माझी आत्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि डूख धरण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही.

तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, फिट्स यायच्या. फेनिटॉइन या औषधाने अंगभर पुरळ उठलं, म्हणून डॉक्टरांनी ते बंद करून कार्बामॅझेपिन लिहून दिलं. आत्या तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडली होती. तिने चिठ्ठीच्या मागे दोन्हींची रचना काढून दाखवली. पहिल्यात पाच कोनांच्या कड्याला दोन षटकोन लटकलेले, दुसऱ्यात तसेच दोन षटकोन सात कोनांच्या कड्याला चिकटलेले.

"एक अंगावर उठलं, तर दुसरंही उठू शकतं," ती म्हणाली. "व्हॅल्प्रोएट द्या ना. ती नुसती कार्बनची साखळी आहे, षटकोन एकही नाही."

"चित्रं घरी काढ, मुली," डॉक्टर हसले. "नाव वेगळं, औषध वेगळं."

नव्या गोळीच्या सोळाव्या दिवशी बाबांची कातडी चादरीला चिकटून निघायला लागली. एकविसाव्या दिवशी बाबा गेले.

तेव्हापासून त्या डॉक्टरची फेनिटॉइनच्या जागी कार्बामॅझेपिन लिहिलेली चिठ्ठी आली, की आत्या मागे लाल शाईने षटकोन काढून पेशंटच्याच हाती परत धाडते. वर्षाला एखादी येते. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात म्हणे. झोंबू देत.

परवा तो डॉक्टर स्वतःच दुकानात आला. पार वाकलेला. नातवाला फिट्स येतात, फेनिटॉइनने पुरळ उठलं, आता मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने कार्बामॅझेपिन दिलंय. खोटं कशाला बोलू, तिथे आत्याशेजारी बसल्या बसल्या मला वाटलं, द्यावीच ही गोळी.

त्याने चिठ्ठी उलटी करून कोरी बाजू पुढे सरकवली. "मागे काही काढायचं असेल तर... बघा."

आत्याने लाल पेन त्याच्यापुढे ठेवलं. "तुम्ही काढा."

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्याने दोन्ही रचना काढल्या. बरोबर काढल्या.

"आता खाली माझ्या भावाचं नाव लिहा."

पेन तसंच थांबलं. "नाव... काय होतं?"

आत्याने सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि त्याने लिहिलं.

"गोळ्या मी देणार नाही. हाच कागद घेऊन आत्ताच्या आत्ता त्या डॉक्टरकडे जा, औषध बदलून घ्या," आत्या म्हणाली. "हा कोण, असं ते विचारतील. तुमच्या तोंडाने सांगा."