तांब्यातलं पाणी आणि काशिनाथची सोयरीक

करवंदं घेता घेता आमंत्रण पदरात पडलं. कर्जतच्या बाजारात बसणाऱ्या हिराबाई म्हणाल्या, "रविवारी वाडीवर या ताई. माझ्या काशिनाथला पोरगी द्यायची का, ते बघायला पावणे येतायत." मे महिन्यात डोंगर चढायचा? मी लगेच हो म्हटलं, मला काय, निमित्तच हवं असतं!

दहिवलीहून टमटम मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. डांबरी रस्ता संपला की खडी चढण. जाणार असाल तर टोपी घ्या आणि पाणी स्वतःचं न्या. वाडीची विहीर उन्हाळ्यात आटते. मग ओढ्यात खड्डा खणायचा आणि झिरपेल तसं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. ते गढूळ असतं, पोरं त्यानं आजारी पडतात. काशिनाथची आधीची स्थळं तांब्यात डोकावूनच परत गेली होती.

म्हणून हिराबाईंनी माझ्या बाटल्या मागितल्या आणि मी खुशाल तांब्यात ओतल्या. शुभकार्याला तेवढाच हातभार!

पाहुणे आले. मुलगी सहसा येत नाही, पण सुमन हट्टानं आली होती. तिच्या आत्यानं एक घोट घेतला नि तांब्या खाली ठेवला. "हे पानी वाडीचं नाय. मातीचा वास कुठं हाय?"

हिराबाईंचा चेहरा उतरला. मी रिकाम्या बाटल्या हळूच पाठीमागे सरकवल्या.

सुमन उठली. "पानी भरता ती जागा दावा."

सगळी वरात ओढ्यावर. तिनं खड्ड्यात वाकून बघितलं आणि काशिनाथला विचारलं, "रोज कोन भरतं?"

"आय."

"आन् लगीन झाल्यावं?"

काशिनाथनं आईकडं बघितलं. तिनं त्याच्या हातात वाटी दिली. "भर."

तो भर उन्हात उकिडवा बसला. आम्ही करंजाच्या सावलीत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हाणली. माझ्या शेजारी हिराबाई पाय पसरून बसल्या होत्या, नि मला फार बरं वाटलं. हंडा भरला तेव्हा काशिनाथच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

"दोघांनी भरायचं," सुमन म्हणाली. "गाळून, उकळून प्यायचं. कबूल?"

"कबूल!" पोराआधी हिराबाईच ओरडल्या.

घरी येऊन बाटल्या नळाखाली धरल्या. मान वळवेपर्यंत भरून वाहायला लागल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

पुढच्या बाजाराला मी हिराबाईंना विचारलं, "काय म्हणतंय पाणी?"

"गढूळच हाय. पन आता काशिनाथचं बघून बाकीच्या बायकांनी पन आपापले नवरे धाडले ओढ्यावं." त्या हसत हसत करवंदं मोजायचं विसरल्या. "इतकी वरसं आमी बाया टाकी मागत व्हतो, कुनी ऐकलं नाय. चार दिस बापय गडी उन्हात बसले, तर आख्खी वाडी पंचायतीत जाऊन बसली!"