उलटा पडलेला ओढा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय तेही मन हलकं करायला नाही — हलकं कशाला करायचं? माझं ओझं आहे, माझ्याच डोक्यावर राहू दे.

केजच्या बाजारात मी ठशांनी कापड छापतो. ‘सोपान रंगाऱ्याची रेघ’ म्हटलं की पाटोद्यापासून चकलांब्यापर्यंतच्या बायका ओळखतात. फूल नाही, पान नाही, मोर नाही — नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा. तालुकदाराच्या घरूनही मागणी आली. लोक विचारायचे, हे सुचलं कसं? मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

सुचलं कसं — मला कुठं सुचलं होतं?

ठशाचं असं असतं, लाकडावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कापडावर ते सुलटं उमटतं. माझ्या बायकोला, ठकूला, हे ठाऊक नव्हतं. एका उन्हाळ्यात तिनं माझीच छिन्नी घेऊन सागाच्या तुकड्यावर माहेरचा डोंगर कोरला, पाटोद्याकडचा. पण डोंगरासारखा डोंगर नाही. उतार, बांध, ओढा — एवढ्याच रेघा. पहिला छाप उठला आणि ती हसत सुटली, “अवं, ओढा पार पल्याडच्या अंगाला गेला की!”

मी हसलो नाही. इतकी वर्षं कोरत होतो, असं काही मला कधी जमलं नव्हतं. मी जळलो — हो, जळलोच.

पुढं पाटोद्याचा एक कापडवाला आला. छाप निरखत म्हणाला, “ह्यो तर आमचाच डोंगर वाटतो. पर ओढा उलट्या अंगाला कावून? कुणी कोरलं हे?”

ठकू तिथंच रंग ढवळत होती. तिचा हात थांबला.

“मीच,” मी म्हणालो. “मुद्दाम उलटा केलाय.”

ती पुन्हा ढवळू लागली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं छिन्नीला हात लावला नाही. आणि मी? ठसा झिजला तसा दोनदा नवा कोरला — उलट्या ओढ्यासकट.

तुम्ही म्हणाल, बायकोचं काम नवऱ्याच्या नावावर जायचंच, जगरहाटी आहे. त्या आडोशाला मी उभा राहणार नाही. मी घाबरून खोटं बोललो नाही. नाव हवं होतं म्हणून बोललो. माफी मागायची ती ठकूची, आणि ती गेली. तुमची मला नको.

ठसा उलटा कोरायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारा घरातच होता.