एकशे चौदा सह्या

हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, आणि ती गेल्यावर सांगायला कुणी उरलं नाही अशी आयती सबब मिळाली. आता मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये मुलीकडे राहतो. गेल्या महिन्यात सोहारच्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर, ज्याला हे सांगायला हवं होतं तोच गेल्याची बातमी आली. तेव्हापासून दुपारची झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सोहारच्या बंदरात टगबोटींच्या वर्कशॉपला मी सुपरवायझर होतो. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या या बोटी. त्यातल्या एकीवर तो इंजिन सांभाळायचा. पॅसिफिक महासागरातल्या एका लहानशा बेटांच्या देशाचा, चाळिशीतला, अंगाने आडवा माणूस. वर्कशॉपमधली कोकणातली पोरं मला काका म्हणत, म्हणून तोही काका म्हणे. मी त्याला चेष्टेने कॅप्टन म्हणायचो. बोलणं हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत. मी देवगडकडचा, त्यामुळे नारळ आणि मासे या दोन विषयांवर आमचे तास जात. सुपरमार्केटमधला सोललेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नारळ हातात घेऊन तो म्हणायचा, "काका, याला आंघोळ घालून कपडे कुणी घातले?"

त्याची बहीण तिकडे शाळेत शिकवत होती. तिने आणखी काहीजणांना घेऊन नवा पक्ष काढायचं ठरवलं होतं. तिथे विरोधी पक्ष असा उरलाच नव्हता. निवडून आलेला जो तो सरकारात जाऊन बसे.

"सगळे एकाच बाजूला बसलेत, काका," तो म्हणाला. "बोट कलली की नाही? कुणीतरी समोर बसायला नको का?"

"आणि समोर बसून काय करणार?"

"विचारणार. आमचं पाणी परदेशी बोटींना मासेमारीला दिलं, ते कुणाला विचारून दिलं, एवढं तरी विचारणार."

पण पक्षाची नोंदणी व्हायची तर प्रत्येक बेटावरच्या ठरावीक मतदारांच्या सह्या लागत, मूळ कागदावर, शाईच्या. त्याच्या बेटावरचे बरेचसे पुरुष जगभर जहाजांवर. ते काम बहिणीने याच्यावर सोपवलं. सोहारला लागणाऱ्या प्रत्येक जहाजावर आपल्याकडचं कुणी आहे का, हे तो विचारत राही. सुट्टीत सलालाहच्या बंदरात जाऊन बसे. सात-आठ महिन्यांत एकशे चौदा सह्या जमल्या.

इथून कुरिअर करायची त्याला भीती वाटत होती. परक्या देशात राहून राजकारणाचे कागद पाठवायचे, कुणी उघडून पाहिले तर? मी सुट्टीवर निघालो होतो. आखातात कुणी गावी निघालं की बाकीच्यांची पार्सलं त्याच्या बॅगेत जातात, आणि नाही म्हणायची पद्धत नाही. दुसरी पद्धत अशी की पार्सल देणाऱ्याने ते समोर उघडून दाखवायचं. दुसऱ्याच्या पुड्यापायी तुरुंगात गेलेल्यांच्या गोष्टी आम्हाला सगळ्यांना पाठ होत्या. त्यानेही पाकीट उघडून दाखवलं. नावं, पासपोर्ट नंबर, सह्या. काही सह्या तर लहान मुलाने काढाव्यात तशा.

"मुंबईला उतरलास की कुरिअर कर, काका. महिना आहे हातात."

"इन्शाल्ला म्हणून देवावर सोडू नकोस," मी म्हटलं, "माझ्याकडे दिलंस म्हणजे पोचलं."

मस्कतच्या विमानतळावर रांगेत माझ्यापुढे तीन माणसं सोडून एकाची बॅग पोलिसाने बाजूला घेतली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. साठी उलटल्यावर मला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. मुलीची इथली नोकरी नवी होती. या देशात पाऊल ठेवलं त्या दिवशी पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच, की राजकारणाच्या वाटेला जायचं नाही. मी रांग सोडून स्वच्छतागृहात गेलो आणि कागद फाडले. नीट, बारीक फाडले. कचऱ्याच्या डब्यात टाकून वर हात पुसलेले टिश्यू टाकले. परत येऊन पाहतो तर तो पोलीस त्या माणसाला लोणच्याची बरणी परत देत होता. माझी बॅग कुणी उघडलीही नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"काका, गेलं?"

"गेलं."

हे मला सांगायचं आहे. फाडलं ते भीतीने. 'गेलं' हे मी गावी, मामाकडच्या पडवीत, झोपाळ्यावर बसून, चहा पिता पिता म्हटलं. तेव्हा खरं बोललो असतो तर त्याच्या हातात चार आठवडे होते. तो पुन्हा जहाजं धुंडाळत फिरला असता. सगळ्या नसत्या, पण पुरेशा सह्या त्याने आणल्या असत्या. मी त्याचे ते चार आठवडे खाल्ले.

मुदत संपली. बाकीच्या बेटांचे कागद पोचले, त्याच्या बेटाचे नाहीत. नोंदणी फेटाळली गेली. परत गेल्यावर मी त्याला सांगितलं की कुरिअरवाल्यांनी हरवलं असणार, पावती मी कुठे ठेवली आठवत नाही. तिकडे लोक म्हणायला लागले की यानेच सह्या दाबल्या, सरकारी माणसांना मिळाला. बहीण हळूहळू बोलेनाशी झाली. त्याआधी एकदा बोटीवर तिच्याशी फोनवर भांडताना त्याच्या भाषेत मध्येच 'काका' ऐकू आलं. नंतर त्याने मला सांगितलं, "मी म्हटलं तिला, माणूस खोटं बोलणारा नाही."

पुढच्या निवडणुकीआधी नव्याने सह्या जमवून पक्ष उभा राहिला, त्याच्याशिवाय. बहीण एकटीच निवडून आली. संसदेत ती एकटी समोर बसलेला फोटो त्याने मला मोबाइलवर दाखवला. "बोट सरळ झाली थोडी," म्हणाला. तिने त्याला तो पाठवला नव्हता, त्याने बातम्यांत शोधला होता.

नोकरी सोडून तो कायमचा निघाला तेव्हा सोहारहून मस्कतला मीच त्याला गाडीने आणलं. दोन-अडीच तासांचा रस्ता. वाटेतल्या बरकापर्यंत सांगू म्हणता म्हणता बरका मागे गेलं. मग सीब गेलं. विमानतळावर त्याने पिशवीतून सलालाहचा एक नारळ काढून माझ्या हातात ठेवला.

"पार्सल, काका. उघडून बघून घे."

आणि स्वतःच हसला. मी वाक्य पाठ करून आलो होतो, त्याच मोडक्या हिंदीत, म्हणजे अडखळायला नको. त्याने ट्रॉली वळवली. मी म्हटलं, "यल्ला, चल कॅप्टन, जपून जा."

पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: कागद मी फाडले, तुझ्या बहिणीला सांग की तू आणले होतेस, सगळे एकशे चौदा, आणि मला माफ कर.