जर्मनीहून आलेले अण्णा

ट्रंक उघडली की अण्णांच्या जर्मन ओव्हरकोटाला लागलेला डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि मी सहा वर्षांची होऊन बंगलोरच्या आमच्या फॅक्टरी कॉलनीच्या हॉलमध्ये जाऊन बसते.

माझे वडील, अण्णा, दोन वर्षांचं ट्रेनिंग संपवून जर्मनीहून नुकतेच परतले होते. मला त्यांचा चेहराही आठवत नव्हता. त्या संध्याकाळी हॉलच्या पडद्यावर जर्मन सिनेमा चालू होता. परत आलेला नवरा खरा की तोतया, या संशयाने घरचेच त्याला खोलीत कोंडतात. माझा हात धरून अण्णा आईला हळूच मराठीत सगळं सांगत होते.

दाराआडून तो माणूस बराच वेळ बोलत राहिला.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"म्हणतोय, मी तोच आहे."

"मग? पटलं त्यांना?"

अण्णांनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून हात सोडवला आणि आईला बिलगले. त्यांनी मला परत ओढून घेतलं नाही. सिनेमा संपेपर्यंत तळवा तसाच उघडा ठेवून बसले.

आता अण्णा नाहीत. कोटाच्या बाहीत मी हात घालते, तो पार दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि तिथे धरायला कोणी नसतं.