आपली चूक आपणच सांगायची

सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत मी चिचगडकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. जिल्हा भंडारा. डॉक्टर, नर्सबाई, मलमपट्टी करणारा ड्रेसर आणि मी, एवढीच माणसं. आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. त्या दिवसांबद्दल लोक विचारतात ते शाबासकीच्या सुरात, आणि मला ती घेववत नाही.

पेशंट घरून रिकामी बाटली आणायचे. मी मिक्श्चर भरून तिला कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एक डोस, अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल असा. रांग फाटकाबाहेर जाऊ लागली तशी मी पट्ट्या सकाळीच कापून ठेवू लागलो. मोठ्यांसाठी आठ खाचांच्या, पोरांच्या अरुंद बाटल्यांसाठी तेवढ्याच लांब, पण चारच्या.

एका दुपारी खिडकी बंद केल्यावर उरलेल्या पट्ट्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. आठची एक जास्त होती आणि चारची एक कमी. म्हणजे कुणा मोठ्या माणसाच्या बाटलीवर चारची पट्टी गेली होती आणि तो दर वेळी दुप्पट औषध घेणार होता. कोण, तेही मला आठवलं. शेजारच्या टोलीवरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, एका म्हातारीची बाटली तिच्या मुलाने नेली होती, आणि ती भरताना मी रांगेत भांडणाऱ्या दोघांवर ओरडत होतो.

टोली दीड कोसावर. निरोप धाडता आला असता. पण डॉक्टर काय म्हणतील याची मला भीती वाटली. उद्या पाहू, असं म्हणून मी सायकल भिंतीला लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेल्याचं कळलं.

त्यानंतर माझे हात कामातून गेले. एक पट्टी कापून मी तिच्या खाचा पाच-पाच वेळा मोजायचो. बाहेर तापाने फणफणलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली असायची. नोकरी सोडून घरी जायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

दुपारी आम्ही मागच्या पडवीत बसायचो. मी बाटल्या धुवायचो, बाई सुया उकळायच्या, ड्रेसर बँडेजची कापडं पिळायचा. हा ड्रेसर आमच्यात वयाने सर्वांत मोठा. एक दिवस कापड पिळता पिळता तो आपणहून बोलू लागला.

"आज म्या एका बुढ्याले हाकललं. म्हटलं, मराले इथंच आला का बे? लेकरावानी रडला तो."

चिमट्याने सुया उचलत बाई म्हणाल्या, "मी आज तिघांचा ताप थर्मामीटर न लावताच लिहिला. हात लावून, अंदाजाने."

"तिघांचाच?" ड्रेसर म्हणाला. "मंग बाई, तुमी तं देवी झाल्या."

त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी पडवीत कुणी हसलं होतं. मग ते रोजचंच झालं. ड्रेसरने नियम घालून दिला, "आपली चूक आपणच सांगाची. दुसऱ्याची सांगंल त्याले माहेवाले कपडे धुवा लागंन."

पाच दिवस मी नुसत्या बाटल्या धुतल्या. सहाव्या दिवशी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी विचारलं, "निरोप का नाही धाडला?"

"भ्यालो."

"मी बी भेलो असतो," ड्रेसर म्हणाला. जाऊ दे, असं मात्र तो म्हणाला नाही. त्याबद्दल आजही त्याचे आभार मानावेसे वाटतात.

डॉक्टर दारात उभे होते. मी उठलो. त्यांनी मला हाताने बसवलं आणि स्वतः उपड्या बादलीवर बसले. "त्या मिक्श्चरच्या दुप्पट डोसाने सहसा माणूस जात नाही. तिची छाती भरली होती. पण शपथेवर सांगता येणार नाही." मग ते खाली बघत म्हणाले, "छाती घरघरते म्हणून तिचा मुलगा मला बोलवायला आला होता. मी गेलो नाही. पाय उचलत नव्हते माझे."

दुसऱ्या दिवसापासून माझी प्रत्येक बाटली खिडकीबाहेर जाण्याआधी बाई एकदा पाहू लागल्या. माझं मोजणं पाचवरून दोनवर आलं.

आणि बाजाराच्या दिवशी तोच मुलगा खिडकीशी आला. खांद्यावर तापलेली पोरगी, हातात बाटली. मी बाटली घेतली, पण भरवेना.

"तुझ्या मायच्या बाटलीवर माझ्या हातून चुकीची पट्टी लागली होती," मी म्हणालो. "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी निरोप दिला नाही."

त्याने पोरगी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मागून कुणी ओरडलं, "चाल ना गा, काऊन अडून राहिला?" तसा त्याने खिडकीतून हात घालून माझी गचांडी धरली. बाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. ड्रेसर ओल्या हातांनी बाहेर गेला आणि त्याच्याजवळ थांबला. डॉक्टर तपासणी सोडून आले. "बोलावूनही मी आलो नव्हतो," ते त्याला म्हणाले. "मलाही धर."

त्याने आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. हात सैल झाला.

"माय तं गेली," तो म्हणाला. "आता हिचं बराबर दे. नाई तं दवाखाना जाळून टाकीन."

मी त्याच्यासमोर कागद घेतला आणि चार खाचा पाडल्या. त्याने बोट लावून मोजल्या. बाईंनी मोजल्या. मी बाटली भरून पट्टी चिकटवली आणि पुढच्या बाटलीसाठी हात बाहेर काढला. त्या दिवशी शेवटचा माणूस जाईपर्यंत आम्ही खिडकी लावली नाही, आणि पुढे साथ ओसरेपर्यंत चौघांपैकी कुणीही काम सोडलं नाही.

त्याने मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण चार दिवसांनी तो धानाच्या रोवण्यातून, लावणी अर्धी टाकून, तसाच चिखलाच्या पायांनी आला आणि फाटकातूनच अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, "पोरगी धानाच्या बांधीत धावून राहिली गा, कंपाउंडर! कोनाचं आयकून नाई राहिली!"

"मंग इकडं धाड तिले," ड्रेसर आतून ओरडला. "मले कपडे धुवाले मानूस पायजे!"

रांगेतली तापाची माणसंसुद्धा हसली. डॉक्टर हसले, बाई हसल्या, आणि खिडकीशी उभा राहून मीही त्या सगळ्यांबरोबर मोठ्याने हसलो.