सोमवारी अकरा वाजता बाबांना काय होतं?

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहाचा घोट तोंडात असताना हसू नका. जगतपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मला अजून ‘ॲम्ब्युलन्सवाले भैया’ म्हणतात, आणि मी ॲम्ब्युलन्स चालवत नाही. मी सीतापुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत खुर्चीवर बसतो. दिवसाचे अकरा तास बसतो. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आमचे बाबा. वर्ध्याला शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि मी त्यांना इकडे जयपूरला घेऊन आलो. इथल्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, चालणं, झोप आणि नाडी, तिन्हींवर जरा लक्ष ठेवा.

आता हे वाक्य माझ्यासारख्या माणसाला सांगावं का? मी घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो. लिफ्टमधून परत वर येऊन चौथ्यांदा ओढतो. मला ‘जरा लक्ष’ ठेवता येत नाही. एक तर ठेवतच नाही, नाहीतर डोळ्यांत तेल घालून ठेवतो.

त्याच संध्याकाळी मनगटावर बांधायचा तो पट्टा मागवला. काळा, रबरी, आतून हिरवा दिवा लुकलुकणारा. नाडी मोजतो, पावलं मोजतो, झोप मोजतो. काच नाही, आकडा नाही, वेळसुद्धा दाखवत नाही. सगळं फोनवर बघायचं.

बाबा म्हणाले, “मी एकटा नाही बांधणार. तूही बांध. माझं तू पाहा, तुझं मी पाहतो.”

झालं. दोन पट्टे आले. बाबांचे आकडे माझ्या फोनवर, माझे बाबांच्या फोनवर. माझे आकडे मी स्वतः कधी उघडूनही बघितले नाहीत. बघायचं काय? मला काय झालं होतं?

दोन्ही पट्टे हुबेहूब सारखे. माझी बायको मृणाल म्हणाली, “अदलाबदल होईल हं, खूण कर काहीतरी.” मी देवघराच्या खणातून पूजेच्या लाल दोऱ्याचा, नाडाछडीचा तुकडा काढला आणि बाबांच्या पट्ट्याला गाठ मारली. स्वतःवरच खूश झालो. मृणालला म्हटलं, बघ, याला म्हणतात सिस्टम.

पहिला आठवडा काय सुंदर गेला! बाबांची रोज सहा-सात हजार पावलं, दहाला झोप, नाडी पासष्टच्या आसपास. मी डॉक्टरांना कौतुकाने स्क्रीन दाखवायचो. रविवारी दोन्ही पट्टे काढून रात्रभर चार्जिंगला लावले. सोमवारी सकाळी नाडाछडीवाला बाबांच्या हाताला बांधला, दुसरा माझ्या, आणि ऑफिसला गेलो.

त्या सोमवारपासून बाबा ढासळले.

पावलं अकराशे. बसून राहिलेला वेळ अकरा तास. झोप लागली रात्री दीड वाजता. आणि सोमवारी बरोबर अकराला नाडी एकशे सहा! दहा मिनिटं वर, मग हळूहळू खाली. मी हादरलो. मी स्वतः दीडपर्यंत मोबाईल बघत जागा असतो, भिंतीपलीकडे माझा बाप तळमळतोय आणि मला पत्ता नाही. खरं सांगतो, त्या विचाराने मला रडू आलं.

“बाबा, रात्री झोप नव्हती का?”

“दहालाच झोपलो नं.”

“यंत्र खोटं बोलत नाही, बाबा.”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातला एखादा पोरगा पाढा चुकवून वर हुज्जत घालतोय. आजार लपवायची त्यांची खोड जुनीच. छातीत दुखत होतं तेव्हाही ‘गॅस झाला’ म्हणून तीन दिवस बसले होते. म्हणून मी ठरवलं, आता विश्वास फक्त पट्ट्यावर.

पुढच्या सोमवारी अकराला पुन्हा एकशे आठ. मी शोध लावला. सोमवारी अकराला बाबा सोसायटीमागच्या महादेवाला जातात आणि तिथे बावीस पायऱ्या आहेत. देऊळ बंद! गच्ची आमच्या वरच्याच मजल्यावर, पण गच्चीचा जिनाही बंद. चहा दोन कपांवरून अर्ध्यावर. साजूक तूप बंद. रात्री फोन माझ्या ताब्यात, म्हणजे झोप लागेल. तरी आकडे तसेच. मग मी रोज सकाळी बाबांना समोर बसवून आदल्या दिवशीचा निकाल वाचून दाखवायला लागलो. अकरा तास बसून होतात बाबा, लाज वाटायला हवी. हो, हेच शब्द. आता आठवलं की कान गरम होतात.

मृणाल एकदा म्हणाली की मी घरी असते तेव्हा बाबा तर मला सारखे हिंडताना दिसतात. मी म्हटलं, तुला दिसतं, पट्ट्याला मोजता येतं. तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण जाऊ द्या.

मग आला तो गुरुवार. जानेवारीचा, कडाक्याच्या थंडीचा. दुपारी साडेतीनला कँटीनचा जिना चढून जागेवर आलो आणि सहज फोन बघितला तर बाबांची नाडी शहाण्णव. एरवी या वेळी ऐंशीच्या आत असते. फोन लावला, उचलेनात. पुन्हा बघितलं, एकशे चार. परत फोन. परत नाही. एकशे बारा.

तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मृणालचा फोन बंद, ती तिच्या बँकेत मीटिंगमध्ये. मी शेजारच्या शेखावतजींना फोन केला. रेल्वेतून रिटायर झालेले, मोठ्या मिशांचे, मदतीला सदा तयार. त्यांनी बेल वाजवली, दार ठोठावलं. म्हणाले, “अंकलजी खोल नहीं रहे बेटा. अंदर फोन की घंटी बज रही है.”

आत फोन वाजतोय आणि दार उघडत नाही! मी तिथेच त्यांना ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि लॅपटॉप उघडा टाकून पळालो. पार्किंगपर्यंत धावलो. स्कूटरला किल्ली लावताना बघितलं, एकशे अडतीस.

वाटेत पुलाच्या तोंडाशी एका नवरदेवाची निकासी. घोडी, बँड, साफे बांधलेली माणसं रस्ताभर नाचताहेत. पुढे जायला बोटभर फट नाही. स्कूटर एका पंक्चरवाल्यापाशी टाकली आणि घराकडे पळत सुटलो. एक किलोमीटर! कॉलेज सुटल्यापासून मी बससाठीसुद्धा धावलो नव्हतो. वाटेत फोन थरथरला. स्क्रीनवर लिहून आलं: ‘बाबा: धावण्याचा व्यायाम सुरू’.

धावणं? एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन स्टेंट, आणि धावतोय? कुठे धावतोय? मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबा घर सोडून निघालेत. मी त्यांचा चहा तोडला, देव तोडला, लाज काढली. फोन घरी टाकून ते स्टेशनकडे पळताहेत, वर्ध्याची गाडी पकडायला. मी धावता धावता मोठ्याने म्हणत होतो, “बाबा, थांबा हो, हळू तरी चाला.” आणि मी जितका जोरात धावत होतो तितका आकडा चढत होता. एकशे बावन्न. एकशे एकसष्ट. मला वाटलं, आता हा आकडा एकदम शून्य होणार आणि मी रस्त्यातच उभा असणार.

सोसायटीच्या फाटकात ॲम्ब्युलन्स उभी. गार्ड म्हणाला, स्ट्रेचर लिफ्टमध्ये अडकलंय. मी जिन्याने निघालो. सहा मजले. सहाव्यावर दारापाशी शेखावतजी, ॲम्ब्युलन्सचे दोघे जण, चार शेजारणी आणि कुलूप तोडायला बोलावलेला सुतार. मी नुसता फोन वर धरला. एकशे बाहत्तर.

तेवढ्यात गच्चीच्या जिन्यावरून चपलांचा आवाज आला. डोक्याला कानटोपी, हातात मटाराच्या दाण्यांनी भरलेली परात, बाबा सावकाश खाली उतरत होते.

“काय झालं बाप्पा?” गर्दी बघून ते म्हणाले. “कोण गेलं?”

मी बंदी घातलेल्या गच्चीवर, माझी पाठ वळली की बाबा रोज ऊन खायला जात होते. म्हणून फोन घरात आणि लॅचचं दार नुसतं ओढून घेतलेलं.

ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने त्यांच्या बोटाला नाडी बघायचा चिमटा लावला. म्हणाला, “अड़सठ. एकदम बढ़िया.” मी फोन पुढे केला, इथे एकशे सत्तर दाखवतंय, तुमचा चिमटा बिघडलाय. एवढं वाक्य बोलायला मला चारदा थांबावं लागलं. शर्ट घामाने चिंब. त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, माझ्या मनगटाकडे. मग चिमटा काढून शांतपणे माझ्या बोटाला लावला.

“एक सौ सत्तर,” तो म्हणाला. “आप लेटिए, सर.”

आणि अहो, मला लेटवलं! लिफ्टमधून नुकतंच सुटून आलेल्या स्ट्रेचरवर. बाबा शेजारी परात धरून उभे. शेजारणींपैकी एक हळूच म्हणाली, “बेचारे की उम्र ही क्या है.”

रात्री मृणालने उलगडा केला. म्हणजे बाबांना सरळ विचारलं. मी तीन आठवड्यांत विचारलं नव्हतं.

झालं होतं असं. पहिल्या आठवड्यात बाबांनी त्यांच्या फोनवर माझे आकडे पाहिले आणि त्यांचा जीव उडाला. झोप नाही, चालणं नाही. ते मला काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, त्यांच्या पट्ट्यावरची नाडाछडी सुनेने देवासमोरून आणून त्यांच्या रक्षणासाठी बांधली आहे. त्या रविवारी रात्री पट्टे चार्जिंगला होते, तेव्हा त्यांनी ती हळूच सोडली आणि माझ्या पट्ट्याला बांधली.

“मले दोन स्टेंट आहेत,” बाबा मृणालला म्हणाले. “याले तर काहीच नाही. म्हटलं, दोरा याले जास्त लागते.”

आणि सकाळी या सिस्टमवाल्याने दोरा बघून माझा पट्टा त्यांच्या हाताला बांधला, त्यांचा स्वतःला.

“मग तो परत तुमच्याकडे आला, तेव्हा काही वाटलं नाही?” मृणालने विचारलं.

“वाटलं नं. पोरानं प्रेमानं मलाच परत दिला.” बाबा म्हणाले. “आणि त्याच दिवसापासून याचे आकडे सुधारले. सात हजार पावलं, दहाला झोप. मी म्हटलं, दोऱ्यानं एका रात्रीत काम केलं. बागेत सगळ्यांना सांगितलं मी, माझा मंदार सुधारला.”

मी माझा फोन उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

बाबांनी तो घेतला, चष्मा लावला आणि तीन आठवड्यांचे आकडे एकेक करून वाचून काढले. गणिताचा मास्तर, पेपर तपासायची सवय. शेवटी मान वर करून विचारलं, “सोमवारी अकराला तुला काय होते?”

“रिव्ह्यू मीटिंग असते,” मी म्हटलं.

“म्हणून तू माझा महादेव बंद केला,” ते म्हणाले.

आता घरात नवे नियम आहेत. बाबांचा चहा दोन कप, माझा अर्धा. देऊळ सुरू, आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी त्या बावीस पायऱ्या मलाही चढायच्या असतात. पट्टे ज्याचे त्याला मिळाले. नाडाछडी बाबांनी पट्ट्याला न बांधता सरळ माझ्या मनगटाला बांधली, पक्की गाठ मारून. रात्री दहाला माझा फोन त्यांच्या उशाशी जमा.

परवा सकाळी मी आपला साळसूदपणे म्हणालो, “बाबा, काल दहालाच झोपलो हं मी.”

लॅपटॉप घेऊन बाथरूममध्ये बसलो होतो, हे त्यांना कसं कळणार?

बाबांनी चष्मा लावला, स्वतःचा फोन उघडला, चहाचा लांब घोट घेतला.

“दीड,” ते म्हणाले. “यंत्र खोटं नाही बोलत, बेटा.”