अकरा पानांचा परिचय

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्हा आठ-दहा जणांना सिनेमाचं खूळ लागलं होतं. नुसतं बघायचं नव्हे, तो बनतो कसा हे समजून घ्यायचं. महिन्यातल्या एका शनिवारी शाळेच्या सभागृहात आम्ही पडद्यामागच्या माणसांना बोलवायचो, आणि भाषण झालं की त्याची छोटी पुस्तिका छापायचो. नाशिककर भरभरून यायचे, पण उशिरा. कारण पाहुण्यांचा परिचय करून देणारे आमचे प्राध्यापक पाऊण तास बोलायचे. लोक त्या हिशेबानंच घरून निघायचे.

एकदा प्राध्यापकांचा आवाज बसला आणि परिचयाचं काम माझ्यावर आलं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. वर्गात आवाज खणखणीत, पण स्टेजवर कधी उभी राहिले नव्हते. अकरा फुलस्केप पानं लिहिली, आरशासमोर पाठ केली. आईनं पंचवटीतल्या आमच्या गल्लीत दवंडीच पिटली. सहा बायकांना घेऊन ती येणार होती. जाहीर सभेला ती जन्मात गेली नव्हती. तिनं मला बोलताना ऐकावं, एवढंच मला हवं होतं. सिनेमा गेला खड्ड्यात!

पाहुणे चित्रपटाचे संकलक होते, म्हणजे नको ती दृश्यं कापून उरलेली जोडणारे. दुपारी आमच्या चिटणिसांच्या घरी चहा घेताना म्हणाले, "बघू बरं, काय बोलणार आहात?" मी कौतुकाच्या आशेनं पानं पुढे केली. या गृहस्थांनी खिशातून लाल पेन्सिल काढली.

"हे लोकांना ठाऊक आहे." सर्रकन रेघ. "हे मीच सांगणार आहे." रेघ. "हे खरं असतं तर बरं झालं असतं." रेघ.

अकराव्या पानाशी आले तेव्हा चार ओळी उरल्या होत्या.

"अहो, आठ दिवस खपलेय मी!" मी जवळजवळ ओरडलेच.

"दिसतंय ना," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर चार चांगल्या निघाल्या."

संध्याकाळी सहाला स्टेजवर गेले ती फणफणतच. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. लाल रेघांची पानं वर धरून म्हटलं, "मी एवढं लिहिलं होतं. पाहुण्यांनी दुपारी त्याचं हे असं केलं. यांचं काम काय, ते आता वेगळं सांगायला नको." चार ओळी वाचल्या आणि बसले. काय हशा पिकला! पाहुणे सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. खोटं कशाला बोलू, मी हवेतच होते.

पाहुणे बोलायला लागले आणि दहा मिनिटांनी दारातून आई आली, मागे ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या सहा बायका. सव्वासहाला पोचलं तरी अर्धा तास लेकीला ऐकू, असा तिचा हिशेब. बसल्या बसल्या तिनं खुणेनं विचारलं, तुझं कधी? मी हातानंच सांगितलं, झालं. तिचा चेहरा असा उतरला की मला भडभडून आलं.

भाषण संपवून पाहुणे शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "त्या कोण?"

"आई. मला ऐकायला आली होती. चारच ओळी होत्या, हुकल्या."

"अरेरे!" ते खरोखरच ओशाळले. मग चिटणिसांकडे वळून म्हणाले, "आभार या मानतील." आणि मला म्हणाले, "पेन्सिल खिशातच ठेवतो मी."

मग काय! अकराच्या अकरा पानं वाचली, काट मारलेल्या ओळींसकट. लोक चुळबुळले, मागून दोघे-तिघे सटकले, चिटणीस घड्याळ बघत राहिले. सहा बायका मात्र मी श्वास घ्यायला थांबले की टाळ्या वाजवायच्या. पाहुणे स्वतःचंच बालपण मान डोलावत ऐकत होते. पुढे पुस्तिकेत परिचयाच्या चार ओळी छापल्या आणि आभार गाळले. बरंच केलं म्हणायचं.

सभा आटोपून आम्ही पूल ओलांडून पंचवटीकडे चालत निघालो. बायका पुढे बडबडत होत्या, आई माझ्याबरोबर मागे चालत होती. शेवटी मलाच राहवेना.

"कसं झालं गं?"

"लांबलं जरा," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "पण मी अजून बसले असते."